चौदा मिलिमीटर

भिंगकाकांच्या दुकानात एकच नियम होता आणि तो खुर्चीत बसणाऱ्या प्रत्येकाला ऐकावा लागायचा. "अंदाजाने वाचायचं नाही. दिसत नसेल तर सरळ 'दिसत नाही' म्हणा. इथे कुणी नापास होत नाही." एवढं बजावून झालं की काका गिऱ्हाइकाच्या नाकावर तपासणीची ती जड, गोल चौकट चढवायचे, तिच्यात एक काच सरकवायचे, ती काढून दुसरी सरकवायचे आणि विचारायचे, "हे बरं, का हे?" अडतीस वर्षं हाच प्रश्न, दिवसातून शे-दीडशे वेळा. काकू म्हणायच्या, हा माणूस झोपेत कूस बदलतानासुद्धा स्वतःला विचारतो, हे बरं का हे.

काकू पहिल्यांदा त्या दुकानात आल्या त्याही गिऱ्हाईक म्हणूनच. वय वीस, नाकावर जाड चष्मा. बाहेरच्या बाकावर बसल्या बसल्या आधीच्या दोघांनी वाचलेला तक्ता त्यांनी कान देऊन पाठ करून टाकला होता. खुर्चीत बसल्यावर शेवटची ओळ त्यांनी अशी धडाधड म्हणून दाखवली की काका, म्हणजे तेव्हाचा पंचवीस वर्षांचा किडकिडीत तरुण, बघतच राहिला. हिच्या चष्म्याचा नंबर मायनस आठ, काचा चार वर्षं जुन्या, आणि ही शेवटची ओळ वाचते? त्याने तक्ता उलटा टांगला. मागच्या बाजूला दुसरी अक्षरं होती. मुलीने पुन्हा तीच ओळ म्हटली.

"पकडलं वाटतं," ती म्हणाली. "नंबर वाढला की घरचे ओरडतात हो." आणि मग तिला जे हसू फुटलं ते आवरेना. काकांचा जीव जडला तो तिथेच. पुढे नंबर मायनस नऊवर जाऊन थांबला आणि लग्न वर्षभरात झालं.

चष्म्याशिवाय काकूंना दाराशी उभं असलेलं माणूस म्हणजे नुसता रंगाचा डाग. पण जवळचं त्यांना असं दिसायचं की बाकीच्यांनी हात टेकावेत. खिडकीशी बसून, चष्मा कपाळावर ढकलून, कापड नाकाला टेकवून त्या रफू करायच्या. जळलेला कोट असो की उंदराने कुरतडलेली शाल, भोक कुठे होतं ते मालकालाही शोधून सापडायचं नाही. लोक भोकावर बोट ठेवून कपडा देऊन जायचे आणि घ्यायला आले की उगीच वाद घालायचे, "हा माझा कोट नाहीच."

अशा या सुखी संसारात तेरा वर्षांपूर्वी दुर्बीण आली.

भिंगांची दुर्बीण, तोंडाशी ऐंशी मिलिमीटर रुंद, पांढरी, दोन हात लांब नळी, तीन पायांवर उभी. काकांनी पन्नाशीत स्वतःला केलेली ही एकुलती एक चैन. घर तिसऱ्या मजल्यावर, वर गच्चीपर्यंत बावीस पायऱ्या. काका एका हातात नळी आणि दुसऱ्या हातात तिपाई घेऊन नवरदेवासारखे वर निघायचे. दुर्बिणीचं सगळं गणित त्यांना तोंडपाठ. समोरचं मोठं भिंग नऊशे मिलिमीटरवर चित्र उभं करतं. ज्या छोट्या आयपीसला आपण डोळा लावतो तो जितक्या मिलिमीटरचा असेल, तितक्याने नऊशेला भागायचं. पंचवीसचा लावला तर छत्तीस पट, दहाचा लावला तर नव्वद, आणि सहाचा लावला तर दीडशे पट मोठं. काकांचा सगळा जीव त्या सहाच्या आयपीसमध्ये. तो मखमलीच्या डबीत असायचा. त्याचं भोक डाळीच्या दाण्याएवढं, आणि डोळा त्याला अगदी चिकटवावा लागायचा. काकांची दूरची नजर साठीतही स्वच्छ. त्यांना चिकटवायला काय जातंय?

पहिल्याच संध्याकाळी त्यांनी शनी शोधला, सहाचा आयपीस लावला, फोकस स्वतःच्या डोळ्याला बरोबर बसवला आणि काकूंना पुढे ओढलं. "कुठे हात लावू नकोस, हलेल. नुसता डोळा लाव. कडं बघ, कडं! गोळ्याभोवती कसं फिरलंय!"

काकूंनी चष्म्यासकट डोळा नेला. काच टक्कन धातूवर आपटली. समोर मिट्ट काळोख. त्यांनी मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं, आणि त्या चेहऱ्यावर असं काही दिसलं की तोंडातून आपोआप निघून गेलं, "अगंबाई! किती सुंदर!"

झालं. एकदा म्हटल्यावर दुसऱ्या वेळी काय म्हणायचं? काका शेजारी उभे राहून रसभरित वर्णन करायचे, काकू ते ऐकायच्या आणि पुढच्या खेपेला तेच थोडं फिरवून परत करायच्या. पुढे पुढे तर रफूला आलेल्या बायकांना शनीचं कडं, गुरूचे चार चंद्र आणि चंद्रावरचे खड्डे काकू इतक्या बहारीने सांगायच्या, की त्यांच्यापुढे काकांचं सांगणं फिकं पडावं. तेरा वर्षं हा धागा कुठे उसवला नाही. ज्या माणसाने एका मिनिटात तक्ता उलटा करून हिला पकडलं होतं, त्याला तेरा वर्षांत शंकासुद्धा आली नाही. तेव्हा ती गिऱ्हाईक होती. बायको झाल्यावर तपासायचं असतं हे त्या भल्या माणसाला सुचलंच नाही.

या वर्षी काकांनी एक गंमत योजली होती. पंधराएक वर्षांनी एकदा शनीचं कडं आपल्याकडे कड करून वळतं. ताटली डोळ्यांसमोर आडवी धरली की तिची जशी नुसती रेघ उरते, तसं. मग कडं जवळपास नाहीसंच होतं. हे आधी सांगायचंच नाही, हिला बघू द्यायचं, आणि ही "अहो, कडं कुठे गेलं?" असं ओरडली की मग समजावून सांगायचं. आठवडाभर काका मनातल्या मनात हसत होते. समजावताना लागेल म्हणून त्यांनी एक ताटलीसुद्धा गच्चीवर नेऊन ठेवली होती.

साडेसातला अंधारून आलं, काकू गुडघ्यावर हात ठेवत बावीस पायऱ्या चढून वर आल्या. डोळा लावला.

"वा!" काकू म्हणाल्या. "आज कडं काय सुरेख दिसतंय हो. नेहमीपेक्षा ठळक."

काकांच्या हातात ताटली होती. त्यांनी ती हळूच पाठीमागे लपवली.

त्यानंतर दोन दिवस काका घरात असूनही नसल्यासारखे होते. चहात साखर घालायची राहिली तरी प्याले. दुकानात एका बाईंच्या डाव्या डोळ्याचा नंबर उजव्या डोळ्याला देऊन मोकळे झाले आणि मग धावत जाऊन कोपऱ्यावर त्यांना गाठलं. तिसऱ्या दिवशी काकू खिडकीशी रफू करत बसल्या असताना ते समोर स्टूल ओढून बसले.

"खरं सांग. परवा काय दिसलं तुला?"

"कडं की," काकू म्हणाल्या, पण सुई थांबली.

"या वर्षी कडं दिसत नाही कुणालाच. ते आडवं झालंय."

काकूंनी सुई कापडात खोचून ठेवली. मग म्हणाल्या, "म्हणजे तक्ता उलटा केलात."

"मुद्दाम नाही गं. पण तेरा वर्षांत एकदाही नाही?"

"एकदा काहीतरी चमकलं होतं. तो तुमच्या हातातला टॉर्च असावा."

काकांना हसावं की रडावं कळेना. "मग येत का होतीस वर? गुडघे एवढे दुखतात, तरी?"

"तुमचं तोंड बघायला," काकू म्हणाल्या. "त्या नळीपासून डोळा काढून तुम्ही वळता ना, तेव्हा तुमचं तोंड असं होतं, आपली लेक पहिल्यांदा हातात दिली होती तेव्हा झालं होतं तसं. त्यासाठी बावीस पायऱ्या म्हणजे काही फार नाही." त्यांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. "पण आता नका बोलावू. उघडं पडलेलं नाटक मला जमायचं नाही. आणि खरं सांगायचं तर पुढच्या वर्षी या पायऱ्या झेपतील असंही वाटत नाही."

काका दुकानात जाऊन बसले, पण लक्ष कशात लागेना. राग आला होता, पण कुणावर काढावा? तेरा वर्षं आपण गच्चीवर दोघं आहोत असं धरून चाललो आणि प्रत्यक्षात एकटेच होतो. वाईट वाटलं ते एवढ्यासाठी. आणि त्याहून वाईट वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. साऱ्या गावाला खुर्चीत बसवून विचारलं, हे बरं का हे. जिच्या चष्म्याच्या काचा स्वतःच्या हाताने घासून चौकटीत बसवल्या, तिला दुर्बिणीपाशी हा प्रश्न एकदाही विचारला नाही. तिला नुसतं सांगितलं, हे बघ.

दुपारी दुकान बंद करून ते घरी आले ते खिशात एक बिननंबरी चष्मा घेऊन. साध्या काचांचा, काचपेटीत मांडून ठेवतात तसला. गच्चीवर जाऊन त्यांनी दुर्बीण लांबच्या पाण्याच्या टाकीवर रोखली, सहाचा आयपीस लावला, तो चष्मा घातला आणि डोळा नेला. टक्क. काच धातूवर आपटली. काळोख. डोकं जरा हलवलं तर एका कडेला उजेडाचा ठिपका लुकलुकला आणि विझला. भर दुपारी, एवढ्या मोठ्या टाकीचा एक पत्रासुद्धा दिसेना. काका दहा मिनिटं त्या काळोखाकडे बघत उभे होते. हिने यालाच सुंदर म्हटलं होतं, तेरा वर्षं.

संध्याकाळी काकू भाजी चिरत असताना काका पट्टी घेऊन बाजूला येऊन वाकले.

"काय मोजताय?"

"हलू नकोस. डोळा ते काच, किती अंतर ते बघतोय."

"नाकाला सुरी लागेल हं तुमच्या."

चौदा मिलिमीटर भरलं. आणि सहाच्या आयपीसला डोळा हवा होता पाच मिलिमीटरवर. मधल्या नऊ मिलिमीटरमध्ये शनी, गुरू, चंद्र सगळे तेरा वर्षं अडकून पडले होते.

आधी त्यांनी सोपा उपाय करून पाहिला. खिडकीतून दुर्बीण बाहेर लावली, काकूंना चष्मा काढायला सांगितला आणि "मी फोकस फिरवतो, तू थांब म्हण," असं म्हणाले. काकूंना भोकच सापडेना. सापडलं तेव्हा पापण्या काचेला घासून डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि हात चाचपडत तिपाईला लागून नळी भलतीकडे वळली.

"राहू दे," काकू डोळे पुसत म्हणाल्या. "चष्म्याशिवाय मी आजवर कुणा परक्याला भेटलेली नाही. शनीला तरी कशी भेटू?"

म्हणजे चष्मा राहणार. बदलायचा तो आयपीस. काकांनी पोटमाळ्यावरून दुर्बिणीच्या सामानाच्या यादीचं जुनं पुस्तक काढलं, आणि प्रत्येक आयपीससमोर छापलेला जो आकडा आजवर कधी वाचला नव्हता तो वाचायला लागले. डोळा जास्तीत जास्त किती लांब ठेवून पूर्ण चित्र दिसतं, तो आकडा. घाई करायला हवी होती. शनी रोज संध्याकाळी थोडा आणखी खाली यायचा, आणि समोरच्या इमारतीच्या टाकीआड जायला त्याला फार तर दहा-बारा दिवस उरले होते. पुढच्या वर्षाचं काकूंच्या गुडघ्यांनी आधीच सांगून टाकलं होतं.

दुर्बिणी विकणारा दुकानदार काकांना तेरा वर्षं ओळखत होता. बघताक्षणी म्हणाला, "या! चारचा आलाय. सव्वादोनशे पट!"

"पॉवर राहू द्या हो. डोळा लांब ठेवता येईल असे काय आहेत?"

दुकानदाराने त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "तब्येत बरी आहे ना?"

त्याने तीन आयपीस काढून ठेवले. अठराचा, बाराचा आणि आठचा. तिन्ही चांगले जाडजूड, वरची काच रुपयाएवढी, आणि तिन्हींना वीस मिलिमीटर अंतर चालत होतं. काकांनी खिशातून बिननंबरी चष्मा काढून घातला आणि दुकानाच्या दारातूनच एकेक आयपीस लांबच्या पाट्यांवर लावून पाहिला. गल्लीतली माणसं थांबून बघायला लागली. "घरी नेऊन बघतो," काका म्हणाले. "निवड माझी नाही."

काकूंना वर आणणं हे खरं काम होतं. त्या मानायला तयार नव्हत्या. "पुन्हा नाही दिसलं तर तुमचं तोंड पडेल. ते बघायला मी चढू होय?"

"नाही दिसलं तर नाही म्हण. अंदाजाने वाचायचं नाही," काका म्हणाले. "एकदा चल. मग पुन्हा कधी म्हणणार नाही."

काकू गेल्या. प्रत्येक पाचव्या पायरीवर थांबत, कठड्याला धरून. वर काकांनी दुकानातली गिऱ्हाइकाची खुर्ची आणून ठेवलेली. "बसा," ते म्हणाले, आणि आवाजही दुकानातलाच लागला. अठराचा लावला. काकू वाकल्या.

"दिसत नाही," त्या म्हणाल्या.

"काहीच?" काकांनी विचारलं.

"काळं. तुम्हीच म्हणालात ना, नाही दिसलं तर नाही म्हण."

काकांनी खाली वाकून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. आयपीसच्या तोंडाशी रबराची उभी कड होती. चष्मा नसलेल्यांसाठी ती वर ठेवायची, चष्मेवाल्यांसाठी दुमडून खाली करायची. दुकानात स्वतः दुमडली होती आणि डबीत ठेवताना ती पुन्हा उभी राहिली होती. त्यांनी ती अंगठ्याने दुमडली, फोकसचा स्क्रू काकूंच्या बोटांत दिला आणि म्हणाले, "हा तू फिरव. तुझ्या डोळ्याला बरं वाटेल तिथे थांब." तेरा वर्षांत त्या स्क्रूला दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता.

काकू पुन्हा वाकल्या. बोटं हळूहळू फिरली, थोडी मागे आली, थांबली. श्वास आत गेला तो काकांना ऐकू आला. काकांनी बाराचा लावला.

"हे बरं, का हे?"

"हे."

मग आठचा. काकांना स्वतःला तोच हवा होता, सगळ्यांत मोठं दाखवणारा. त्यांनी जीभ चावून धरली. "हे बरं, का मगाचं?"

"हे मोठं आहे, पण थरथरतंय. मगाचंच बरं. तेच लावा."

त्यांनी बाराचा लावला. काकूंनी स्क्रू जरासा फिरवला आणि खूप वेळ तशाच बसून राहिल्या. खालच्या मजल्यावर कुणीतरी भांडी घासत होतं. काकांचा जीव टांगणीला लागला होता. "सुंदर" म्हणाली तर? नुसतं "सुंदर" म्हणाली तर काय समजायचं?

"अहो," काकू म्हणाल्या, "कडं कुठाय?"

काका खुर्चीशी वाकले.

"नुसता गोळा आहे. आणि त्यात कुणीतरी सुई आरपार खुपसून ठेवलीय. बारीक, दहा नंबरची. एका बाजूने आत शिरते आणि दुसऱ्या बाजूने बाहेर येते. तुम्ही कधी सांगितलं नाहीत हे."

काकांनी सांगितलं नव्हतं, कारण त्यांनी ते पाहिलंच नव्हतं. कडं दिसत नाही हे त्यांना पुस्तकातून माहीत होतं, म्हणून गेल्या वेळी त्यांनी गोळ्यावर नजर टाकली होती आणि काम झालं असं समजून बाजूला झाले होते. "बघू," ते म्हणाले. काकूंनी मिनिटभर जागा दिली. गोळा होता, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना, नीट बघितलं तर, केसाएवढी रेघ. कड करून उभं असलेलं कडं. रफूवालीच्या डोळ्यांनी टिपलं तसंच.

"सरका आता," काकू म्हणाल्या. "आणि शेजारी ते टिंब आहे ते काय आहे? सुईच्या रेषेत, जरा लांब?"

"त्याचा चंद्र आहे तो."

"तोही नव्हता सांगितलात."

शनी पाऊण तास टाकीच्या वर होता आणि पाऊण तास काकू खुर्चीवरून हलल्या नाहीत. काकांना पुन्हा डोळा लावायला मिळाला नाही. त्यांनी दोनदा "मी जरा" असं म्हणून पाहिलं, दोनदा त्यांना "थांबा हो" ऐकावं लागलं. मग त्यांनी नाद सोडला आणि खुर्चीच्या बाजूला, जिथे तेरा वर्षं काकू उभ्या राहायच्या तिथे, भिंतीला टेकून उभे राहिले आणि काकूंचं तोंड बघत बसले.

"कडं परत कधी येणार?" काकूंनी डोळा न काढता विचारलं.

"पुढच्या वर्षी थोडं उघडेल. मग दर वर्षी आणखी जास्त."

"मग ही खुर्ची खाली नेऊ नका," काकू म्हणाल्या. "आणि मधल्या जिन्यात एक स्टूल ठेवा. बसत बसत येईन."